बाकी

“म्याडम, रेट काय तुमचा?”
गुगळे शेठनं विचारलं, चहा यायच्या आत.
भोसरी, पत्र्याचा गाळा,
आत साठ टनी प्रेस, मुका उभा.

मी सांगितला.
दिवसाचे साडेचार हजार, रात्रीचे सहा,
चाकणच्या पुढे गेलं तर गाडीभाडं वेगळं.
शेठ हसले.
“प्रोग्रामच तर बघायचाय.
माल थोडाच लागतो त्याला?”

खरंय, माल लागत नाही.
डिप्लोमा झाल्या झाल्या अठरा हजारांवर लागले होते
चिंचवडच्या एका पॅनेलवाल्याकडे;
पहिलं वर्ष वायरींच्या टोकांना नंबर घालण्यात गेलं.
तळेगावला जर्मनीहून एक जण आला होता,
त्याचा एक तास म्हणजे माझे तीन आठवडे.
त्याच्याही शिडीला दोनच दांडे,
तोच उघडा संपर्क, तोच बंद संपर्क.
माझ्याकडून त्याला एवढंच हवं होतं
की भजी कुठं बरी मिळतात.

“दर नवव्या दिवशी,” मुजावर सांगत होता,
“बहुतेक तिसऱ्या पाळीत.
सेन्सर बदलला, केबल बदलली,
पॉवर सप्लाय नवा टाकला,
शेठनं लिंबू बांधलं, ते बघा.
तासाभरानं आपोआप सुरू होतं.”

लिंबू वाळून सुपारीएवढं झालेलं.

लॅपटॉप जोडला.
आमची शिडी चढायची नसते,
वरून खाली उतरत वाचायची असते.
दोन हातांची बटणं, उजेडाचा पडदा,
हात आत असेल तर रॅम खाली येणार नाही.
सुबक काम.
पायरीपायरीला टीप, इंग्रजी अक्षरांतली मराठी:
इथे हात जपा.
हे काढू नका, कोणी सांगितलं तरी.

आणि एकशे बाराव्या पायरीवर,
जिथं सहसा कुणी उतरत नाही,
एक काउंटर.
नाव: बाकी.
आकडा: सत्तावीस हजार चारशे.
इतके जॉब पडले की थांब.
एक तास.
मग पुन्हा एकपासून मोज.

एकच तास, बरं का.
आठवडाभर थांबवता आलं असतं त्याला.

“आधीचं काम कुणाचं?”
“होता एक पाटोळे. चांगला पोरगा.
शेवटी शेवटी फार फोन करायचा.”
शेठ हे कॅलेंडरला सांगत होते.

शेवटचे दहा टक्के
मशीन समाधानकारक चालल्यावर मिळतात,
असं आमच्या प्रत्येक ऑर्डरीत छापलेलं असतं,
आणि कुठलंच मशीन आजवर
कुणाच्या समाधानाइतकं चाललेलं नाही.
माझेही आहेत. रांजणगावला बावीस हजार,
कुरकुंभला एकोणीस,
सणसवाडीच्या एकानं तर कंपनीच विकली.

पायरी पुसायला एक बटण पुरतं.
मी त्यावर बोट ठेवून बसले.
दारात गहिनीनाथ बिडी ओढत होता,
अंगठा आणि करंगळी यांच्या चिमटीत.
मधली तीन
आधीच्या प्रेसनं ठेवली नव्हती.
त्या प्रेसला प्रोग्राम नव्हता,
नुसता पायडल होता, स्वस्तातला.

“सापडलं?” शेठ.
“सापडलं.”
“काय होतं?”

मी पॅड ओढलं, कोटेशन लिहिलं.
एक दिवस, साडेचार हजार.
खाली दुसरी ओळ:
मागील बाकी, सत्तावीस हजार चारशे,
पाटोळे यांच्या नावे.

शेठनं चष्मा लावला.
काढला, शर्टाला पुसला, परत लावला.
“आणि हे नाही दिलं तर?”
“तर नऊ दिवस चालेल,” मी म्हटलं,
“झकास चालेल.”

चहा आला, साय धरलेला.
बराच वेळ कुणी कप उचलेना.
मग मी पाटोळेचा नंबर मागितला.
शेठनं काही न बोलता मोबाईल माझ्यापुढे सरकवला.
नंबर होता.
नीट, जपून ठेवलेला,
‘पाटोळे उचलू नये’ या नावानं.